अनुवादाची पेढी आणि समाजमाध्यमांचा बाजार

व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दुकान, गोदाम, मालाची आवकजावक आणि गादीवर उघडलेली खातेवही उभी राहते. या साऱ्या सामग्रीवाचून चालणारा एक व्यवसाय मात्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात केवळ शक्यतेच्या रूपाने पडून आहे. तो व्यवसाय अनुवादाचा होय. महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांत घरी गुजराती, मारवाडी किंवा कच्छी, शेजारीपाजारी मराठी, पेठेत हिंदी आणि शिक्षणात इंग्रजी अशी चार भाषांची वहिवाट सहज आढळते. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात मराठीच्या जोडीला कन्नडही असते. इतर समाजांतील मुले जी भाषा शिकवणी लावून शिकतात, ती आपल्या मुलांना स्वयंपाकघरात आणि दुकानाच्या गल्ल्यावर विनामूल्य मिळालेली असते. हे एक भांडवलच आहे. परंतु भांडवल तिजोरीत ठेवल्याने वाढत नाही, ते फिरवावे लागते.

अनुवादाला मागणी आहे काय, हा पहिला व्यापारी प्रश्न. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि देशभर माल किंवा सेवा विकणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्यांतील अनेक भाषांतून ग्राहकाशी बोलावे लागते. बँकांचेच उदाहरण घेऊ. किरकोळ ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत उपलब्ध असावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. विमा कंपन्यांची माहितीपत्रके, औषधांच्या चाचण्यांत सहभागी होणाऱ्यांची संमतिपत्रे, शेतीच्या औषधांवरील सूचना, मोबाइलवरील ॲपमधील मजकूर, चित्रपट व मालिकांची उपशीर्षके, न्यायालयीन कागदपत्रे, सामाजिक संस्थांचे अहवाल हे सर्व कुणीतरी अनुवादित करीतच असते. ते कुणीतरी बहुतेक वेळा घरी बसून, शब्दामागे ठरलेल्या दराने काम करणारी व्यक्ती असते.

मागणी आहे आणि पुरवठा करू शकणारी माणसेही आहेत. अडचण आहे ती दोघांची गाठ पडण्याची. पूर्वी ही गाठ ओळखीपाळखीने, एखाद्या प्रकाशकाच्या कार्यालयात किंवा शासकीय यादीत नाव लागल्याने पडत असे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सुनेला अथवा लेकीला त्या वाटा बंदच होत्या. समाजमाध्यमांनी बदल केला आहे तो नेमका येथे. म्हणून या माध्यमांकडे केवळ करमणुकीचे किंवा कालापव्ययाचे साधन म्हणून न पाहता व्यापारपेठ म्हणून कसे पाहता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कोणती पेठ कशासाठी?

सर्व समाजमाध्यमे सारखी नाहीत. सराफ कट्ट्यावर धान्य विकावयास कोणी बसत नाही, तोच विवेक येथेही हवा.

लिंक्डइन हे २००३ मध्ये सुरू झालेले आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे असलेले माध्यम व्यावसायिकांसाठी आहे. अनुवादसंस्थांचे प्रकल्प-व्यवस्थापक, कंपन्यांचे जाहिरात व प्रकाशन विभाग सांभाळणारे अधिकारी येथे असतात. अनुवादकाने आपला सर्वाधिक वेळ येथेच घालवावा. फेसबुकवर अनुवादकांचे समूह आहेत. तेथे प्रत्यक्ष ग्राहक कमी आणि समव्यावसायिक अधिक भेटतात. परंतु एखाद्याकडे आलेले आणि त्याला न झेपणारे काम दुसऱ्याकडे वळते ते अशाच ठिकाणी. १९९९ पासून चालू असलेले प्रोझ हे संकेतस्थळ केवळ अनुवादकांसाठी आहे. तेथे शब्दांच्या अडचणी विचारता येतात आणि काम देणाऱ्या संस्थांविषयी इतर अनुवादकांचा अनुभव काय आहे, हेही वाचावयास मिळते. बँकेत कर्ज देण्यापूर्वी आम्ही बाजारात पक्षकाराची चौकशी करीत असू, त्याच प्रकारची ही सोय आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस हे २०१८ मध्ये आलेले रूप आपल्या दुकानदारांना परिचित आहेच. अनुवादकालाही ते उपयोगी पडते. त्यात सेवांची सूची मांडता येते, कामाच्या वेळा देता येतात आणि ग्राहकांना ‘नवीन’, ‘काम चालू’, ‘येणे बाकी’ अशा खुणा लावून ठेवता येतात. शिवाय घरगुती संभाषणे आणि व्यवसाय यांचे क्रमांक वेगळे राहतात, हा लाभ लहान नाही. इन्स्टाग्रामचा उपयोग पुस्तके, बालसाहित्य, उपशीर्षके अशा कामांपुरता मर्यादित आहे. विमा किंवा कायद्याचा मजकूर देणारा ग्राहक तेथे क्वचितच शोध घेतो.

पाटीवर काय लिहावे?

अनेक जण आपल्या परिचयात केवळ ‘अनुवादक’ एवढेच लिहितात. हे म्हणजे दुकानावर ‘दुकान’ अशी पाटी लावण्यासारखे झाले. ग्राहक शोध घेतो तो भाषाजोडी आणि विषय यांच्या आधारे. ‘इंग्रजी ते मराठी अनुवाद : बँकिंग, विमा व करविषयक मजकूर’ ही पाटी कामाची आहे. भाषेची दिशाही स्पष्ट असावी. साधारणतः अनुवादकाने परभाषेतून स्वभाषेत यावे, असा या व्यवसायाचा दंडक आहे. आपल्याला चार भाषा बोलता येतात म्हणून बारा जोड्या लिहिणाऱ्यावर जाणकार ग्राहक विश्वास ठेवीत नाही.

विषयाची निवड हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि व्यापारी कुटुंबांतील व्यक्तींचे खरे बळ येथे आहे. भाषा जाणणारे पुष्कळ असतात. भाषा आणि धंदा दोन्ही जाणणारे थोडे. इंग्रजीतील ‘सिक्युरिटी’ हा एकच शब्द घ्या. कर्जाच्या कागदात तो ‘तारण’ असतो, भांडवल बाजारात ‘रोखा’ असतो आणि इमारतीच्या फाटकावर ‘सुरक्षा’ असतो. ‘इंटरेस्ट’ म्हणजे कुठे ‘व्याज’, कुठे ‘हितसंबंध’, कुठे नुसता ‘रस’. ‘चार्ज’ हा मालमत्तेवर आला की ‘बोजा’, सेवेवर आला की ‘आकार’ आणि फौजदारी न्यायालयात गेला की ‘आरोप’ होतो. करारातील ‘कन्सिडरेशन’चा अर्थ ‘विचार’ नसून ‘मोबदला’ असतो. ‘मॉर्टगेज’ला ‘गहाण’ म्हणावे, तर ‘हायपोथिकेशन’ला ‘नजरगहाण’. या दोहोंत माल कोणाच्या ताब्यात आणि मालमत्ता स्थावर की जंगम, हा भेद दडलेला आहे. ज्याने पेढीवर बसून कॅश क्रेडिटच्या कागदांवर सह्या होताना पाहिल्या आहेत, त्याला हे शिकवावे लागत नाही. कापड, सोनेचांदी, धान्य, औषधे, वाहतूक, वस्तू व सेवा कर यांपैकी जो विषय आपल्या घरात रोज बोलला जातो, तोच आपल्या पाटीवर असावा.

जोडीला अधिकृत परिभाषेचा आधार ठेवावा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. ते हाताशी असले म्हणजे घरातील बोलीचा जिवंतपणा आणि कागदोपत्री लागणारी काटेकोर परिभाषा यांचा मेळ घालता येतो.

एका घरातील प्रयोग

माझ्या परिचयातील एका तालुक्याच्या गावी कापडाचा तीन पिढ्यांचा व्यवसाय असलेले कुटुंब आहे. घरातील धाकटी सून वाणिज्य शाखेची पदवीधर. अनुवादाचा एक अल्प मुदतीचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला आणि लिंक्डइनवर आपला परिचय मांडला. चार महिने काहीच घडले नाही. तिने ‘काम असल्यास कळवावे’ असे संदेश अनेकांना पाठविले. उत्तरे आली नाहीत. अशा संदेशांना उत्तर येत नसते. बाजारात उभे राहून ‘माझ्याकडून काहीतरी घ्या’ म्हणणाऱ्याकडे कोण वळतो?

मग तिने पद्धत बदलली. दर आठवड्याला एका शब्दाविषयी दहा-बारा ओळी लिहावयास तिने प्रारंभ केला. साड्या विकणाऱ्या संकेतस्थळांवरील मराठी मजकुरात यंत्राने केलेल्या गमती तिला दिसत होत्या. साडीच्या ‘बॉर्डर’ला तेथे ‘सीमा’ म्हटलेले होते. ‘साडीला सीमा नसते, काठ असतो; आणि काठ सांगितल्यावर ग्राहकाने पदराविषयी विचारलेच पाहिजे,’ असे तिने लिहिले. कोणत्याही कंपनीचे नाव तिने घेतले नाही, कोणाची खिल्ली उडवली नाही. ‘ताका’, ‘नग’, ‘पन्हा’, ‘ताणाबाणा’ असे दुकानातील शब्द एकेक करून आले. सासूबाईंना विचारून तिने लुगड्यांच्या प्रकारांची नावे जमविली. तीन महिन्यांनी वस्त्रविक्री करणाऱ्या एका संस्थेने आपल्या वस्तुसूचीचा मराठी मजकूर तपासण्याचे छोटे काम तिला दिले. पुढे तेच काम नियमित झाले आणि त्या संस्थेतून दुसरीकडे गेलेल्या अधिकाऱ्याने नव्या ठिकाणीही तिचेच नाव सुचविले.

या प्रयोगातून निघणारा बोध स्पष्ट आहे. समाजमाध्यमावर काम मागण्यापेक्षा कामातील जाण दाखवावी. ज्याला गरज आहे तो स्वतः विचारणा करतो आणि विचारणा त्याने केली म्हणजे दराची बोलणीही सन्मानाने होतात. मात्र हे दाखविताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे : ग्राहकाने दिलेला मजकूर नमुना म्हणून कधीही मांडू नये. सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध असलेला एखादा उतारा घेऊन त्याचा आपण केलेला अनुवाद दाखवावा. दुसऱ्याच्या वहीतील पान तिसऱ्यास दाखविणारा मुनीम कोणत्याच पेढीवर टिकत नाही.

संस्थांच्या व्यवस्थापकांना थेट लिहावयाचेच असेल, तर पत्र पाच-सहा ओळींचे असावे. भाषाजोडी, विषय, शिक्षण किंवा अनुभव, रोजची क्षमता आणि वापरत असलेली साधने एवढेच त्यात द्यावे. अनुभवी अनुवादक दिवसाला साधारण २,००० ते २,५०० शब्दांचे काम नीट करू शकतो. नवख्याने ५,००० शब्दांचे आश्वासन देऊ नये. दोन-तीनशे शब्दांची विनामूल्य चाचणी देण्याची या व्यवसायात प्रथा आहे. एखादे संपूर्ण प्रकरण ‘चाचणी’ म्हणून मागणारा मात्र चाचणी घेत नसून काम करवून घेत असतो.

दर, मुदत आणि लेखी करार

दर कसा मोजावयाचा, हे आधी ठरवावे. इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद शब्दसंख्येने बहुधा कमी भरतो. कारण इंग्रजीतील स्वतंत्र शब्दयोगी अव्यये मराठीत प्रत्यय होऊन नामाला चिकटतात आणि इंग्रजीतील उपपदे तर गळूनच जातात. ‘इन द हाउस’ हे तीन शब्द, ‘घरात’ हा एक. म्हणून दर मूळ मजकुराच्या शब्दांवर आहे की अनुवादाच्या, हे न विचारता काम स्वीकारणे म्हणजे वजनाचे माप न पाहता धान्य देणे होय. मूळ शब्दसंख्येवरील दर दोन्ही पक्षांना आधीच मोजता येतो, म्हणून तोच सोयीचा.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. शब्दामागे १ रुपया ५० पैसे दर ठरला आणि दिवसाला १,५०० शब्द झाले, तर त्या दिवसाचे २,२५० रुपये झाले. परंतु महिन्याचे २५ दिवस काम मिळेल, असे कोणी गृहीत धरू नये. प्रारंभी महिन्याला सात-आठ दिवसांचे काम मिळाले तरी समाधान मानावे. शिवाय ग्राहक शोधणे, पत्रव्यवहार, तपासणी आणि तगादा यांचा वेळही त्याच दरातून निघाला पाहिजे. दर ठरविताना हा खर्च न धरणारे लवकर थकतात.

काम स्वीकारण्यापूर्वी शब्दसंख्या, दर, पूर्ततेचा दिनांक, किती वेळा दुरुस्ती करून द्यावयाची आणि पैसे किती दिवसांत मिळणार, या पाच गोष्टी ईमेलवर लेखी घ्याव्यात. ग्राहक नवा आणि काम मोठे असेल, तर निम्मी रक्कम आगाऊ मागावी किंवा काम टप्प्याटप्प्याने द्यावे. वर उल्लेखिलेल्या सुनेला हे तिच्या सासऱ्यांनी शिकविले. प्रारंभी ‘मोबाइलवर पैसे कसले मिळणार?’ असे म्हणणारे ते गृहस्थ पहिली रक्कम थकल्यावर तिला म्हणाले, ‘बेटा, पहिल्याच खेपेच्या गिऱ्हाइकाला मोठी उधारी द्यायची नसते. आधी छोटा नग दे, पैसे आले की मोठा दे.’ समाजमाध्यमावर एकही खाते नसलेल्या त्या गृहस्थांनी हा सल्ला केवळ दुकानाच्या अनुभवावरून दिला.

येथे कायद्याचीही मदत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून अमलात आली असून ती पूर्णपणे विनामूल्य आहे. ती करून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नये. सेवा देणारी एकटी व्यक्तीही अशी नोंदणी करू शकते. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झालेल्या आयकर तरतुदीप्रमाणे, या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. आपले व्यापारी बंधू या तरतुदीने त्रस्त असतील. परंतु घरातील अनुवादिकेला तीच उपकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की अनेक ठिकाणी स्मरणपत्राची गरज पडत नाही.

वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात सेवांसाठी वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः आवश्यक नाही. कंपन्या बिलातून उद्गम करकपात करतात. ती रक्कम बुडालेली नसते, आयकर विवरणपत्र भरून ती करापोटी जमा धरता येते किंवा परत मिळते. परदेशातील ग्राहकाचे पैसे बँकेमार्फत आले, तर रक्कम कोणत्या कारणासाठी आली, हे बँकेला नीट कळवावे आणि जमा झाल्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. बाकी बारकावे आपल्या सनदी लेखापालाकडून समजून घ्यावेत. प्रत्येक व्यापारी घराचा एक ठरलेला लेखापाल असतोच.

सावधगिरी

जेथे बाजार तेथे उचलेही असतात. अनुवादकांना लुबाडण्याच्या काही ठरावीक रीती आहेत आणि त्या ओळखता येतात.

पहिली रीत ‘नोंदणी शुल्का’ची. काम देण्यापूर्वी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा ओळखपत्राचे पैसे मागणारा ग्राहक नसतो. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. दुसरी रीत जास्तीच्या रकमेची. परदेशातील ‘ग्राहक’ ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवितो आणि ‘चुकून जास्त गेले, उरलेले परत पाठवा’ असे विनवितो. चेकची रक्कम खात्यात जमा दिसणे आणि चेक प्रत्यक्ष वटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक पुढे परत येतो आणि आपण पाठविलेले पैसे मात्र गेलेले असतात. तिसरी रीत यूपीआयची. पैसे स्वीकारण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. पिन टाकावयास सांगणारा आपल्या खात्यातून पैसे काढीत असतो.

चौथी रीत नावाच्या चोरीची आहे. अनुवादकाचे परिचयपत्र उचलून, त्यातील केवळ ईमेलचा पत्ता बदलून, त्याच्या नावावर भामटे कामे मिळवितात आणि यंत्राने केलेला अनुवाद देऊन नाव बदनाम करतात. म्हणून परिचयपत्र खुल्या माध्यमावर पूर्ण स्वरूपात टाकू नये. जन्मदिनांक, घरचा पत्ता, आधार किंवा पॅनचा क्रमांक त्यात नसावा. काम देणारी संस्था मोठ्या नावाची असेल, तर पत्र त्या संस्थेच्याच अधिकृत ईमेलवरून आले आहे ना, हे पाहावे आणि तिच्या संकेतस्थळावरील दूरध्वनीवर खातरजमा करावी. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडविण्याची शक्यता अधिक असते.

स्त्रियांना या माध्यमांवर अनाठायी संदेशांचा उपद्रव होतो, हेही मान्य केले पाहिजे. त्यावर उपाय म्हणजे व्यवसायाचा स्वतंत्र क्रमांक, व्यवसायापुरतेच संभाषण आणि मर्यादा सोडणाऱ्याला विनाउत्तर बंद करणे. या कारणाने खातेच काढून टाकावयास लावणे म्हणजे रस्त्यावर टवाळखोर आहेत म्हणून आपले दुकान बंद करणे होय.

यंत्र आले, आता काय?

गूगलचा यंत्रानुवाद २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१६ नंतर नव्या तंत्राने तो पुष्कळ सुधारला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णयांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही यंत्रणा आणली. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांसाठी कार्यरत आहे. मग माणसाला काम उरणार काय, असा प्रश्न प्रत्येक पालक विचारील आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

साध्या, पुनरावृत्तीच्या मजकुराचे काम घटत आहे आणि त्याचे दरही उतरत आहेत. अनेक संस्था आता यंत्राचा मसुदा देऊन केवळ तो सुधारून मागतात. त्याचा दर कमी असतो आणि मसुदा वाईट असेल तर श्रम मात्र पूर्ण अनुवादाइतकेच पडतात. असे काम मसुदा पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. परंतु ग्राहकाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ की ‘आपण’, बोजा आणि आकार यांत गल्लत झाल्यास कोणाचे किती नुकसान होईल, संमतिपत्र वाचणाऱ्या रुग्णाला खरोखर काय समजेल, याची जबाबदारी यंत्र घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या व्यवस्थेतही यंत्राच्या मसुद्यावर माणसाची तपासणी ठेवलेली आहे. ज्या मजकुरात चुकीची किंमत मोठी, तेथे जबाबदारी घेणाऱ्या माणसाची किंमत टिकून राहते. विषयाची निवड महत्त्वाची म्हटली ती याचसाठी.

यंत्राचा वापर स्वतः करावयाचा असेल, तर ग्राहकाला तसे सांगून करावा आणि गोपनीय कागद विनामूल्य संकेतस्थळावर कधीही चिकटवू नये. अशा एका विनामूल्य अनुवाद संकेतस्थळावर टाकलेले कंपन्यांचे अंतर्गत कागद शोधयंत्रातून कोणालाही सापडत असल्याचे २०१७ मध्ये नॉर्वेत उघडकीस आले होते. ग्राहकाचा करारनामा म्हणजे आपल्याकडे विश्वासाने सोपविलेली ठेव आहे, हे भान सुटता कामा नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला आणि तिच्यासोबत प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या ग्रंथभांडारांतील प्राकृत, अपभ्रंश आणि जुन्या मराठी-गुजराती पोथ्या वाचून आजच्या भाषेत आणू शकणारी माणसे फार थोडी आहेत. ज्या तरुणांना या भाषांची गोडी आहे, त्यांनी समाजमाध्यमावर हीच आपली ओळख निर्माण करावी. येथे स्पर्धक मोजके आहेत आणि यंत्राला यातील फारसे काही कळत नाही.

तिचे खाते, तिची वही

बँकेतील नोकरीत एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहिली. अनेक गृहिणींच्या नावे खाती होती. सही त्यांची असे, पण पासबुक दुसऱ्याच्या कपाटात असे. खात्यात किती शिल्लक आहे, हे विचारले तर ‘त्यांना माहीत’ असे उत्तर मिळे. घरात कमतरता काहीच नव्हती. केवळ तसा प्रघात होता. घरी बसून केलेल्या कामाचे मोल घरच्यांना लवकर कळत नाही, कारण त्यासाठी कोणी बाहेर जाताना दिसत नाही. सून मोबाइल घेऊन बसली की ‘फेसबुक बघते’ असे म्हटले जाते. मुलगा बसला की ‘धंद्याचे बघतो’ असे.

म्हणून अनुवादाचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या लेकीसुनांनी पहिल्याच महिन्यापासून तीन गोष्टी कराव्यात. व्यवसायाची रक्कम स्वतःच्या स्वतंत्र खात्यातच घ्यावी. जमा, खर्च आणि येणे यांची वही ठेवावी, मग ती कागदाची असो वा संगणकावरील. आणि उत्पन्न थोडे असले तरी आयकर विवरणपत्र भरावे. पुढे शिक्षणासाठी, संगणकासाठी किंवा घरासाठी कर्ज मागावयाचे झाल्यास बँक तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, तोंडी माहिती ऐकत नाही. ज्या उत्पन्नाची नोंद नाही, ते बँकेच्या लेखी उत्पन्नच नसते.

घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. नव्या दुकानाला आपण पहिल्या दिवसापासून नफा विचारीत नाही. जम बसावयास दोन वर्षे देतो, माल भरून देतो, दिवाळीत त्याच्याही वहीचे पूजन करतो. अनुवादाच्या पेढीला याहून फार कमी लागते. एक मेज, चांगला संगणक, विनाखंड इंटरनेट आणि दुपारचे दोन-तीन तास, ज्या वेळात तिला चहा करावयास कोणी हाक मारणार नाही. येत्या दिवाळीच्या वहीपूजनात दुकानाच्या वह्यांशेजारी तिचीही वही ठेवावी.